दोन तळी आणि मधला रस्ता

९ जानेवारी

डांबरवाला आज परत आला होता. रस्ता रुंद करणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. चार पदरांचे सहा करायचेत त्यांना, आणि आमच्या एका अहवालापायी म्हणे सगळं अडलंय. मोरपिसाच्या खोलीतून तासभर हसण्याचे आवाज. मोरपीस म्हणजे आमचे विभागप्रमुख — येईल त्याच्या अंगावरून फिरतात, म्हणून हे नाव मीच ठेवलंय. तोंडावर ‘सर’.

शेवटी मला बोलावणं. “बेडूक रस्ता ओलांडतात की नाही, एवढंच सांगा ना मॅडम.” एवढंच! जसं काही तळ्यावर जाऊन विचारून यायचं — काय हो, काल पलीकडे गेला होतात का?

मी म्हटलं, एप्रिलपर्यंत सांगते. मोरपीस म्हणाले, रस्त्याला मंजुरी देणारी समिती तर मार्चच्या सुरुवातीलाच बसतेय. म्हणजे सगळं ठरवून झालं होतं. मला फक्त कळवलं.

१० जानेवारी

काल रागाच्या भरात नीट लिहिलं नाही.

वरचं तळं चढावर, कुरणाच्या कडेला. खालचं तळं बाबांच्या कॉलनीमागे, गोदामांच्या भिंतीला लागून. मध्ये रस्ता. बेडूक तळ्यात राहतो असं लोकांना वाटतं. अंडी घालायला तेवढा तो तळ्यात येतो. एरवी वर्षभर कुठे बांधाखाली, कुठे पाल्यात, कुठे दगडाच्या सावलीत. त्यातला एखादा फिरत फिरत भलत्याच तळ्यावर जातो, तिथेच संसार थाटतो — आणि त्याच्यामुळे तळी टिकतात. हे येणं-जाणं थांबलं की मग नात्यातल्या नात्यात जोड्या, रोगट पिल्लं, आणि काही वर्षांत तळं मुकं. खालचं तळं त्याच वाटेला लागलंय. मला पक्कं माहीत आहे.

उपाय एकच. रस्त्याखालून बोगदा. बेडकापुरता, गुडघाभर उंचीचा. रस्ता उकरलेला असताना घातला तर घातला. नवं डांबर पडलं की माझ्या हयातीत कोणी परत उकरणार नाही. आणि ‘रस्ता बेडकांना अडवतो’ असं माझ्या अहवालातून दिसलं, तरच समिती बोगदा देणार.

नऊ वर्षं मी या एका गोष्टीसाठी चिखलात उभी आहे. दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल.

१८ जानेवारी

दिवसभर नकाशा. दोन तळ्यांमधल्या जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला अडचणीचा आकडा द्यायचा — बेडकाला तिथून जाणं किती जड. ओलं गवत एक. नांगरलेलं शेत दहा. गोदामाचं तापलेलं अंगण साठ. रस्त्याला मी हजार दिला.

मशीनवाली मागे उभी राहून बघत होती. जनुकं वाचायचं मशीन चालवते ती. माझ्याच वयाची, तोंडाने फटकळ, पण या इमारतीत बोलण्यासारखं दुसरं माणूस नाही. म्हणाली, “हजार कुठून आणलास गं?” मी म्हटलं, अनुभवातून. तर म्हणे, हा आकडा बेडकांचा आहे की तुझ्या रागाचा?

हजार रिळांवरून आणला! तीन पावसाळे मी बेडकांच्या कमरेला दोऱ्याची रिळं बांधलीत, अंगठ्याएवढी. बेडूक जाईल तसा दोरा मागे सुटत जातो, सकाळी आपण दोऱ्यामागून जायचं. एकही दोरा रस्त्यापलीकडे गेला नाही. सगळे कठड्यापाशी येऊन वळलेले. काही तिथेच संपलेले, टायरखाली. हजार कमीच आहे खरं तर.

“आणि पिल्लांना बांधतेस का रीळ?” तिचं पुढचं. पिल्लं नखाएवढी असतात. रिळाखालीच मरतील. हे तिलाही कळतं. उगाच काड्या घालायच्या.

१९ जानेवारी

आकडे द्यायचेच तर माणसांनाही द्यावेत. मोरपीस आठशे — वरून गुळगुळीत, पण पलीकडे जायला वाट नाही. डांबरवाला तीनशे. त्याचं पोट आहे त्या रस्त्यावर, आणि तो ते लपवत नाही. आधीचा नवरा हजार.

बाबांना काय द्यावं ते सुचेना. पेन ठेवून दिलं.

२५ जानेवारी

बाबांकडे जाऊन आले. तळ्याची पातळी मोजायची होती, म्हणून. नुसतं त्यांच्यासाठी मी जात नाही, आणि हे त्यांनाही ठाऊक आहे.

बाबा कोर्टात कारकून होते. साक्षीदाराला शपथ द्यायची, मग तो धडधडीत खोटं बोलतो ते निमूटपणे ऐकायचं. उभी नोकरी यात गेली. त्याचा सूड त्यांनी घरात उगवला. घरात खोटं चालायचं नाही. सहावीत सहलीहून आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा बुडवली होती मी. बाकीच्यांच्या वडिलांनी ताप लिहून दिला. माझ्या चिठ्ठीत काय? ‘मुलगी आजारी नव्हती. तिला कंटाळा आला होता.’ बाईंनी भर वर्गात वाचून दाखवली. लग्न ठरत होतं तेव्हा हे आपणहून सासरच्यांना म्हणाले, हिला राग फार येतो, आधीच सांगून ठेवतो. आणि मी लग्न मोडून परत आले तेव्हा, माझ्यासमोर बसून, शांतपणे — “मी सांगितलं होतं त्यांना.”

त्यांना! मला काय सांगितलं होतं?

आत्याला मात्र भावाचं कोण कौतुक. ती वरच्याच मजल्यावर राहते. तुझ्या बापाने खोटं बोलावं तर सूर्य पश्चिमेला उगवायचा, असं म्हणते आणि माझ्याकडे बघते, मी मान डोलवावी म्हणून. कॉलनीत पाण्यावरून भांडण झालं, पार्किंगवरून झालं, की पंच म्हणून बाबा. बाबा म्हणतील ते खरं. बाहेरच्यांना काय जातंय! त्यांना घरी राहावं लागलं नाही ना यांच्या.

तळ्याची पातळी ठीक आहे. बाबांचे गुडघे ठीक नाहीत. विचारलं तर म्हणाले, “दुखतात.” दुसरा कोणी असता तर ‘ठीक आहे’ तरी म्हणाला असता.

६ फेब्रुवारी

रसायन संपलं. मागवलंय म्हणे. वरच्या तळ्याचे नमुने फ्रीझरमध्ये पडून, खालच्या तळ्याचे तेवढे मशीनमध्ये गेले. दोन्ही बाजू आल्याशिवाय निकाल अर्धवट राहील, असं मी मोरपिसाला सांगायला गेले. “समितीला खालचं तळंच बघायचंय ना? शितावरून भाताची परीक्षा!” उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. जन्मात एकदा तळ्यावर आले होते, फोटोपुरते. बूट काढले नव्हते.

१२ फेब्रुवारी

निकाल आला. काहीतरी चुकलंय.

१३ फेब्रुवारी

चुकलेलं नाही. मशीनवालीने दोनदा करून बघितलं.

रस्ता होण्याच्या आधी आमच्या संस्थेतल्या एका बाईंनी दोन्ही तळ्यांतले नमुने अल्कोहोलात घालून ठेवले होते. त्या बाटल्यांमुळे कुठल्या तळ्याची जनुकं कशी ते आम्हाला ठाऊक आहे — नाकडोळ्यांवरून घराणं ओळखावं तसं. आणि आता खालच्या तळ्यात, पाचांतला एक बेडूक वरच्या घराण्याचा! मिसळलेला नाही, मिश्र नाही. आईबाप दोघंही वरचे. जनुकं सावकाश पुसली जातात, जुन्या ओळखी बरीच वर्षं रेंगाळतात, हे मी लोकांना शिकवते. पण हे रेंगाळलेलं नाही, ताजं आहे. रस्ता असताना आलेलं.

म्हणजे रस्ता अडवत नाही. म्हणजे बोगदा नको.

मोरपिसाला तासाभरात कळलं, कसं ते देव जाणे. आले, पाठीवर हात ठेवला. अभिनंदन म्हणाले! अडथळाच नाही, किती सुंदर निष्कर्ष, सगळेच खूश. मी त्यांचा हात झटकला नाही. आता वाटतंय झटकायला हवा होता.

१५ फेब्रुवारी

एकच शक्यता आहे. कोणीतरी हाताने नेलेत. अंड्यांचा पुंजका बादलीत घ्यायचा आणि इकडे आणून सोडायचा, काय लागतं त्याला?

मशीनवाली म्हणाली, कोण नेईल, आणि कशाला? मी म्हटलं, मग गेले कसे, उडून? “चालत गेले असतील. तुला विचारून जायला हवं होतं का त्यांनी?”

तिच्याशी बोलणं बंद.

१६ फेब्रुवारी

आज बाबांसमोर रडले. चाळिशी उलटल्यावर! लाज वाटते लिहायलाही.

तळ्यावर गेले होते, कोणी बादली घेऊन फिरताना दिसतं का ते आजूबाजूला विचारायला. गोदामाच्या वॉचमनने मला वेड्यात काढलं. तिथून बाबांकडे. दारातच फुटले. सगळं भडाभडा सांगितलं — निकाल, समिती, मोरपीस, बोगदा गेला, कोणीतरी अंडी हलवली असणार पण कोण कबूल करणार, आणि कबूल केल्याशिवाय ते बेडूक हिशेबातून वगळता येत नाहीत. वगळले तर खालचं तळं अगदी मी म्हणते तसंच दिसतं. एकाकी.

दुसऱ्या कुणाच्या बापाने जवळ घेतलं असतं. बाबांनी पाणी दिलं आणि प्रश्न विचारत बसले. कुठल्या तळ्यातून कुठल्या तळ्यात? वरून खाली, मी म्हटलं. कधीपासून? म्हटलं, दोन-तीन पावसाळे असतील. अंडी की मोठे बेडूक? मी रडतेय आणि यांची उलटतपासणी! उठले तशी चपला घालून निघून आले.

१९ फेब्रुवारी

सकाळी फोन. “येऊन जा.” बाबा असं कधी म्हणत नाहीत. जीव मुठीत धरून गेले.

खुर्चीत ताठ बसले होते. म्हणाले, “ते बेडूक मी नेलेत.”

मला आधी कळेचना. मग कळलं. दोन पावसाळे, बादलीतून, वरच्या तळ्यातली अंडी आणून खालच्या तळ्यात सोडली. का? तर मी म्हणाले होते खालचं तळं मरेल म्हणून. मी विचारत होते तेवढंच बाबा सांगत होते, एक शब्द जास्त नाही. आत्तापर्यंत बोलला का नाहीत? “विचारलं नव्हतंस.”

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! अख्ख्या जगात माझ्या कामाची माती करायला दुसरं कोणी सापडलं नाही. माझाच बाप सापडला. आणि तोही प्रेमाने! म्हणजे ओरडायचीही सोय नाही. तरी ओरडले. खाली रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

माझं ओरडून झाल्यावर म्हणाले, “लिहून घे सगळं. मी सही करतो.” सही केल्यावर कागद परत माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “एवढं पुरेल ना?”

२१ फेब्रुवारी

मोरपिसाला सांगितलं. ऐकून घेतलं. मग डोळे चमकले. बेडकांसाठी झटणारे वृद्ध गृहस्थ — पेपरवाल्यांना फार आवडेल म्हणे! समितीपुढे आणाच त्यांना. परवा ‘अडथळाच नाही’ म्हणून खूश होते, आता हे. ज्या बाजूला फोटो त्या बाजूला हे.

मी निघाले तर मागून, अगदी हळुवार: “पण मॅडम, अभ्यास तुमचा आणि नमुन्यांत ढवळाढवळ तुमच्याच घरातून... ते जरा बघावं लागेल.”

आलं लक्षात. बोगदा मिळेल, मी जाईन.

२४ फेब्रुवारी

बाबांकडे गेले. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, बाबा, एवढंच करा — तुम्ही नेले म्हणू नका. कोणीतरी नेताना बघितलं म्हणा. अनोळखी माणूस, बादली घेऊन. बोगदाही होईल, माझी नोकरीही राहील.

“ते टिकणार नाही,” म्हणाले. कोण माणूस, कसा दिसायचा, तेव्हा का नाही हटकलंत, असे शंभर फाटे फुटतात म्हणे. ‘मी केलं’ म्हटलं की प्रश्न संपतात. आणि नसलेल्या माणसावर ढकलायचं नाही.

माझं डोकंच फिरलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चिठ्ठी काढली, सासर काढलं, आई शेवटच्या आजारात असताना डॉक्टरांचं म्हणणं जसंच्या तसं तिला सांगितलं होतं यांनी, तेही काढलं. शेवटी म्हटलं, “जन्मभर खरं बोलून माझी वाट लावलीत. एकदा, आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी खोटं बोला!”

बाबा चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. खूप वेळ पुसला.

“तुमचं खरं तुम्हालाच लखलाभ,” म्हणून दार आपटून आले. आता त्या घराची पायरी चढायची नाही.

२ मार्च

वगळून हिशेब केला. वरच्या घराण्याचे बेडूक बाजूला काढले की खालचं तळं मी म्हणत होते तसंच. सगळे एकमेकांचे चुलत-मावस. आनंद व्हायला हवा होता. आलेख काढला, रंग दिले, पाठवून दिला.

५ मार्च

समिती. लिहायला बसले आहे.

बाबा आले होते. इस्त्रीचा शर्ट, वरची गुंडी लावलेली. आत्याने जिन्यापर्यंत धरून आणलं होतं, आत मात्र एकटे चालत आले. माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही. बसायच्या आधी विचारलं, “शपथ घ्यायची का?” अध्यक्ष हसले, म्हणाले, हे कोर्ट नाही काका. बाबांनी मान हलवली. हायसं वाटल्यासारखी.

मग सांगितलं. माझ्याकडे लिहून दिलं होतं तेच, त्याच क्रमाने. डांबरवाल्याने पकडायचा प्रयत्न केला. हा एवढा वाहता रस्ता, या वयात, हातात भरलेली बादली — ओलांडायचात कसा? “हळूहळू,” बाबा म्हणाले. सगळे हसले. मग कोणी काही विचारलंच नाही. कॉलनीतले एक गृहस्थ समितीवर आहेत. ते म्हणाले, यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, आम्ही ओळखतो.

बोगदा मंजूर! हात वर झाले तेव्हा मोरपीस माझ्याकडे बघून हसत होते, जसं काही त्यांनीच खणलाय. बाहेर फोटो झाले. बाबांना मध्ये उभं केलं. मी मागच्या दाराने निघून आले.

जिंकले मी. तोंडाला चव नाही.

२१ मार्च

करार वाढवला नाही. ‘कुटुंबीयांच्या हस्तक्षेपामुळे निर्माण झालेली परिस्थिती’ असं लिहिलंय. पत्र मोरपिसाने स्वतः आणून दिलं, बरोबर चहाही मागवला. एप्रिलअखेर टेबल रिकामं करायचं.

मशीनवाली टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, रसायन आलं की वरच्या तळ्याचे मी लावीन, तू नसलीस तरी, नऊ वर्षांचं काम अर्धवट नको राहायला. मी म्हटलं, आता काय उपयोग, बैल गेला अन् झोपा केला. तरी बरं वाटलं.

८ एप्रिल

आत्याचा फोन. बाबांच्या वतीने नाही — बाबांविरुद्ध! तीही बोलत नाही म्हणे त्यांच्याशी. “दोन पावसाळे माझ्या डोळ्यांसमोरून बादली गेली आणि मला दिसली नाही? पाणी प्यायला उठला तरी मला वरून ऐकू येतं. सख्ख्या बहिणीपासून लपवलं त्याने!” हेच तिला लागलंय.

आणि कॉलनीत आता पंच म्हणून बोलावत नाहीत. समितीपुढे खरं सांगितलं ते ठीक, पण दोन वर्षं चोरून उद्योग करत होता ना हा माणूस, आमच्यासमोर साळसूद! मुलं ‘बेडूकवाले’ म्हणतात. परवा पार्किंगचा तंटा झाला तो वकिलाकडे गेला.

“तो काहीच बोलत नाही गं. चिडतसुद्धा नाही. तू तरी एक फोन कर.”

मी नाही करणार. बरं झालं. कळू दे त्यांनाही, लोकांच्या नजरेतून उतरलं की कसं वाटतं.

३० एप्रिल

टेबल रिकामं केलं. रिळांची पेटी मशीनवालीला दिली. ती म्हणाली, शिवायला घेते.

४ मे

खोदकाम सुरू झालं. बघायला जाणार नव्हते, गेले. रस्त्याच्या या बाजूला उभी राहिले. मोठं यंत्र, धूळ, एकेरी वाहतूक, हॉर्न. डांबरवाला टोपी घालून ओरडत होता. मला बघून हात केला त्याने. तो एकटाच माझ्याशी कधी गोड बोलला नाही, आणि आज त्याचाच राग आला नाही.

पलीकडे कॉलनीचं कुंपण आहे. तिथे बाबा उभे होते. कुंपणाला धरून, उन्हात. बहुतेक सकाळपासूनच असावेत, आत्या म्हणत होती रोज जाऊन उभे राहतात. त्यांनी मला बघितलं की नाही कोण जाणे. मध्ये धूळ होती. मी हात केला नाही. आपल्या पराक्रमाचं स्मारक बघतायत, असं वाटलं, आणि परत फिरले.

११ मे

मशीनवालीचा फोन. वरच्या तळ्याचे नमुने झाले. तिथेही आहेत — खालच्या घराण्याचे. पाचांतला एक. ताजे. खालून वर गेलेले.

खालून वर नेल्याचं बाबा कधीच म्हणाले नव्हते. कसं म्हणतील? मी रडताना त्यांना वरून खाली एवढंच सांगितलं होतं. बेडूक आपले आपण जातात, दोन्हीकडून — रीळ बांधता येत नाही ती पिल्लंच असणार. बाबांनी एकही उचललेला नाही.

ती विचारत होती, “तुझ्या बाबांनी उलटेही नेले होते का गं? नसतील, तर सगळंच बदलतं. बोगदासुद्धा.”

मी म्हटलं, “हो. दोन्हीकडे नेले होते.”